साड्यांच्या कपाटातली मंगलाष्टकं

इथे इंग्लंडमध्ये मराठी लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि गुरुजी यांच्यानंतरचा फोन बहुतेक वेळा मला येतो. मंगलाष्टकं म्हणायला. मी काही गाणारी बाई नव्हे. ब्रॅकनेलच्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे आणि दिवसभर मुलांवर ओरडून माझा घसा संध्याकाळपर्यंत कामातून गेलेला असतो. पण खूप वर्षांपूर्वी लंडनजवळ पिनरला एका लग्नात ऐन वेळी गुरुजींचा आवाज बसला, कोणीतरी मला पुढे ढकललं, मी म्हटली, आणि तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. लोक आजी-आजोबांची नावं, गावाचं नाव, मुलाची डिग्री असं सगळं फोनवर पाठवून देतात आणि मी ते शार्दूलविक्रीडितात कोंबून बसवते. एकदा तर एका वरबापाने मुलाच्या कंपनीचं नावही घालाल का, असं विचारलं होतं. मी नाही घातलं.

तर अशा रीतीने दुसऱ्यांच्या किती मुली मी आजवर बोहल्यावर पोचवल्या, त्याचा हिशोब नाही. मग माझ्या मुलीचं ठरलं. ती लीड्सला हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मुलगा इंग्रज, यॉर्कशरचाच, उंच, मवाळ, कांदेपोहे हाताने खाणारा. मला तो पहिल्या भेटीतच आवडला होता. लग्न लीड्सच्या बाहेर, एका जुन्या धान्याच्या कोठाराचा हॉल केलाय तिथे. गुरुजीही तिकडचेच मिळाले, तरुण, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरची नोकरी आणि शनिवार-रविवार लग्नं, मुंजी, वास्तुशांत. फोनवर सगळी यादी सांगून झाल्यावर ते म्हणाले की मंगलाष्टकांची त्यांना चिंताच नाही, काकूंची मंगलाष्टकं त्यांनी मँचेस्टरला ऐकली आहेत. मी खूश होऊन हो हो म्हटलं. फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की या लग्नात मी मुलीची आई आहे.

आमच्याकडे लग्न लागताना मुलीची आई पाहत नाही. अंतरपाट धरला की ती बाहेर जाते आणि तुळशीला पाणी घालत उभी राहते. टाळ्या, वाजंत्री ऐकू आली की मग आत यायचं. माझी आई अशीच उभी राहिली होती, पुण्यातल्या कार्यालयाच्या मागच्या दारी. हल्ली हे कोणी पाळत नाही, हे मला माहीत आहे. गुरुजींनीही तेच सांगितलं. नवरा तर सरळ म्हणाला, इथे यॉर्कशरमध्ये कोण बघायला येणार आहे. मी म्हटलं, कोणी बघण्याचा प्रश्न नाही, मी न बघण्याचा प्रश्न आहे.

खरं सांगायचं तर मी फार काही पाळणारी नाही. उपास सोडले, चतुर्थी लक्षात राहत नाही, गणपतीला मोदक फ्रोझन आणते. पण एकुलती एक मुलगी आहे. तिच्या बाबतीत एवढी एक गोष्ट मी मोडली आणि पुढे काही कमी-जास्त झालं, तर मी आयुष्यभर तेच उगाळत बसेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. याला भीती म्हणा. आणि दुसरीकडे, सगळ्या गावाच्या लग्नात गाणारी मी, माझ्याच मुलीच्या कानावर माझा आवाज पडू नये, हेही मला सहन होईना. तिने एकदा फोनवर विचारलं होतं, "आई, तू म्हणणार आहेस ना?" मी म्हटलं, "म्हणणार तर."

तोडगा मीच काढला आणि त्याचा मला भलताच अभिमान वाटला. आधी रेकॉर्ड करून ठेवायचं. अंतरपाट धरला की गुरुजी बटण दाबतील, आत माझा आवाज, बाहेर मी आणि तुळस. मुलीला काही सांगायचं नाही, तिला सरप्राइज. घरात कॉम्प्युटर आहे, नवरा आयटीत आहे, मंगलाष्टकं मला पाठ आहेत. एका दुपारचं काम, असं मी धरून चालले होते.

नवऱ्याने फुकटातलं एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि इंटरनेटवरून सनई-चौघड्याचा एक ट्रॅक शोधला. यात गाणाऱ्याची जागा रिकामी सोडलेली असते. वर त्यांचा ट्रॅक, खाली तुमचा, लाल बटण दाबायचं आणि गायचं. "सोप्पंय," असं ते म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने सोप्पंय म्हटलं की पुढे काय होणार ते मला कळतं, आणि तरीही मी दर वेळी फसते.

पहिल्यांदा त्यांचे ट्रेनमध्ये वापरायचे वायरलेस हेडफोन लावले. सनई छान वाजत होती, मी डोळे मिटून म्हणत होते, आवाजही लागला होता. मग आम्ही ते परत ऐकलं. सनई पुढे आणि मी मागे, लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुणीसारखी धावतपळत. मी म्हटलं, मी बरोबर म्हणत होते. ते म्हणाले, हो, पण आवाज हेडफोनपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढी तू मागे पडतेस. मी विचारलं, मग मला तेव्हा का नाही कळलं? त्यावर त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते ऑफिसात लोकांना पगार देऊन ऐकायला लावत असतील. शेवटी त्यांनी सेटिंगमध्ये एक आकडा घातला. आता मी सनईच्या पुढे निघाले.

वायरचे हेडफोन मुलीच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये सापडले. त्यांचं टोक नव्या लॅपटॉपला बसेना. त्याला एक जोडणी मागवली, ती आली ती चुकीची आली. या सगळ्यात एक रविवार गेला आणि माझ्या तोंडून एकही ओळ बाहेर पडली नाही.

मग पट्टीचं निघालं. ट्रॅक कोणा पुरुषाच्या पट्टीतला. खाली गेले की माझा आवाज घशातच राहायचा, वर गेले की आमचा जुना प्रेशर कुकर. नवरा म्हणाला, पट्टी बदलता येते, सोप्पंय. त्यांनी ती चढवली आणि सनई अशी किंचाळायला लागली की शेजारचं मांजर खिडकीतून उठून गेलं. थोडी उतरवली तर सनईला सर्दी झालेली. मी म्हटलं, राहू दे, मी आपली तानपुऱ्यावर म्हणते. ते म्हणाले, नाही, लग्नाला सनई पाहिजे. एरवी या माणसाला सनई आणि बासरी यांतला फरक सांगता येत नाही.

पण खरं भांडण झालं ते तालावरून. मंगलाष्टकांना ताल नसतो. ओळ म्हणायची, मधे दम घ्यायचा, बारा अक्षरांनंतर क्षणभर टेकायचं, एखादं नाव आलं तर ते लांबवायचं, समोर वधूची आजी रडत असेल तर तिच्यासाठी थोडं थांबायचं. मग 'सावधान' म्हटलं की सगळा हॉल तुमच्याबरोबर म्हणतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजते, आणि ती थांबेपर्यंत तुम्ही पाणी पिऊन घेता. गुरुजींची नजर घड्याळावर असते. मुहूर्ताला वेळ असेल तर ते बोटाने खूण करतात, मग आणखी एक कडवं. हे सगळं मला इतकं अंगवळणी पडलंय की मी कधी त्याचा विचारच केला नव्हता. लग्नात सनई माझ्यासाठी थांबते. इथे मी सनईसाठी थांबत होते. ट्रॅक बनवणाऱ्याने कडव्याला एवढी जागा, वाजंत्रीला एवढी जागा असं कुंपण घालून ठेवलं होतं. मी नाव लांबवलं की चौघडा माझ्या अंगावर यायचा. मी घाईने आटोपलं तर पुढे नुसती शांतता, आणि त्या शांततेत आमचा बॉयलर.

नवऱ्याने यावर उपाय म्हणून हेडफोनमध्ये टक टक असा आवाज लावून दिला. म्हणजे मोजत गायचं.

"अहो, मंगलाष्टकाला टेम्पो नसतो," मी म्हटलं.

"प्रत्येक गोष्टीला टेम्पो असतो," ते म्हणाले. "तुझा फक्त कन्सिस्टंट नाहीये."

त्या रात्री जेवताना मी मीठ त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवलं.

पण दुसरा ट्रॅक मिळेना, वेळ जात होता, आणि चिडून का होईना, मी टक टकच्या मागे म्हणायला शिकले. शाळेत मुलं आवाज न करता रांगेत चालतात ना, तशी माझी कडवी चालायला लागली. जागच्या जागी सुरू, जागच्या जागी बंद. नवरा म्हणाला, बघ, आता कसं बसतंय. बसत होतं खरं. मला मात्र प्रत्येक ओळीनंतर कोणाच्यातरी हातातली छडी दिसत होती.

मग आवाजाची पाळी. माइक चांगला असला की तो सगळंच ऐकतो. शनिवारी सकाळी शेजारच्यांचं कुंपणाची झुडपं कापायचं यंत्र. दुपारी विमानं, इतकी विमानं आमच्यावरून जातात हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. शाळेतून आल्यावर म्हणावं तर रस्त्यावर मुलं फुटबॉल खेळणार आणि कचऱ्याची गाडी भलत्याच वेळी मागे येत टूं टूं करणार. कुठेतरी वाचून नवऱ्याने सांगितलं की लोक कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड करतात, कपडे आवाज पितात. मुलीच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात माझ्या सगळ्या साड्या आहेत. तिथे मी बॅग आडवी टाकून तिच्यावर बसले, मांडीवर लॅपटॉप, तोंडासमोर माइक आणि नाकासमोर लग्नासाठी काढून ठेवलेली पैठणी. दार ओढून घेतलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने पहिल्याच ओळीला मला शिंक आली. शिंक मात्र तालात होती, असं नवरा म्हणाला.

त्या कपाटात मी किती संध्याकाळी काढल्या! बाहेर भात लागायचा, फोन वाजायचा, मुलीचे मेसेज यायचे की टेबलांवर फुलं पांढरी की पिवळी. मी कपाटातून उत्तर द्यायचे, काहीही ठेव. एकदा तिने विचारलं, तू इतकी चिडलेली का आहेस? मी म्हटलं, चिडले नाहीये, गरम होतंय.

देवांची, कुळांची, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची कडवी कशीबशी झाली. व्याह्यांची इंग्रजी नावं वृत्तात बसवताना माझी जी तारांबळ उडाली ती वेगळीच. राहिलं ते माझं कडवं. प्रत्येक लग्नात मुलीच्या आईच्या वतीने एक कडवं मी लिहून देते, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वतीने लिहिलं, ते या वेळी माझं मला लिहायचं होतं. त्यात एक ओळ अशी होती:

बोटाला धरुनी बुटांत फिरली बर्फात माझी कळी

मंगलाष्टकात बूट आणणारी मी पहिलीच असेन. पण खरंच तसं होतं. आम्ही इथे आलो त्या हिवाळ्यात ती नुकती चालायला लागली होती. नवरा कामावर जायचा आणि आम्ही दोघी दिवसभर. कोणी ओळखीचं नाही, टीव्हीतलं इंग्रजी कळायचं नाही. मी तिला लाल बूट घालायचे, माझं बोट तिच्या मुठीत द्यायचे आणि आम्ही कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन परत यायचो. घालायला पत्र नसलं तरी. तेव्हा मला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिलाही नव्हतं, पण ती लहान होती, तिला ते कळत नव्हतं.

या ओळीला माझा आवाज फाटायचा. 'बर्फात' म्हणेपर्यंत ठीक, 'माझी'वर गेला. परत लाल बटण, परत टक टक, परत तिथेच. मी रडतबिडत नव्हते, नुसता गळा बंद व्हायचा, आणि ट्रॅक माझ्यासाठी न थांबता पुढे जायचा. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, जाड, निळी. या शब्दापाशी ती सुतासारखी बारीक व्हायची आणि मग चौघड्याचे डोंगर सुरू. मला त्या चौघड्याचा इतका राग आला होता की कपाटात बसून मी त्याला मराठीत ज्या शिव्या दिल्या त्याही रेकॉर्ड झाल्या. नवऱ्याने त्या ऐकल्या आणि पुसून टाकल्या. ते त्यांचं सगळ्यात समजूतदार एडिटिंग.

नंतर 'सावधान'चा प्रश्न आला. हॉलमध्ये निम्मे लोक इंग्रज, ते कुठून म्हणणार? नवरा म्हणाला, तूच परत परत म्हण, मी एकावर एक लावतो, गर्दी वाटेल. मी निरनिराळ्या आवाजांत म्हटलं, जाड, बारीक, म्हातारं. त्यांनीही म्हटलं. सगळं एकत्र लावलं तर लिफ्टमध्ये अडकलेली चार माणसं मदत मागताहेत असं वाटायला लागलं. आम्ही दोघं त्या दिवशी खूप हसलो, तेवढंच. शेवटी ते काढून टाकलं आणि माझं एकच 'सावधान' ठेवलं.

असं सगळं तुकड्या-तुकड्यांनी गोळा झाल्यावर नवरा म्हणाला, आता तू हात लावू नकोस, मी साफ करतो. त्यांनी मधले श्वास काढले. घसा खाकरल्याचे आवाज काढले. जिथे सूर उतरला होता तिथे तो यंत्राने वर उचलला, फाटलेल्या शब्दाच्या जागी दुसऱ्या वेळचा शब्द डकवला, आणि सगळ्यावर देवळात गायल्यासारखा घुमारा घातला. दोन दिवसांनी मला खुर्चीवर बसवून त्यांनी ते लावलं.

मला फार आवडलं. खरंच. माझा आवाज मला कधीच आवडला नाही, लग्नांचे व्हिडिओ लोक पाठवतात ते मी आवाज बंद करून बघते. हा आवाज स्वच्छ होता, गोल होता, एखाद्या विकतच्या सीडीवरचा असावा तसा. 'माझी कळी'सुद्धा अगदी सरळ सुरात. मी नवऱ्याला म्हटलं, जमलं हो तुम्हाला. त्यांनी सोप्पं होतं असं म्हटलं नाही, त्यावरून त्यांचीही किती दमछाक झाली होती ते कळलं.

लग्नाला येताना कुंडीतली तुळस मी गाडीत माझ्या पायांपाशी ठेवून लीड्सला आणली होती. हॉलच्या बाजूला एक अरुंद पॅसेज होता, फायर एक्झिटपाशी, तिथे मी ती एका स्टुलावर ठेवली. हॉलच्या मॅनेजर बाई कार्पेटवर पाणी सांडेल म्हणून काळजीत होत्या, त्यांनी कुंडीखाली दोन ट्रे आणि टॉवेल आणून ठेवला. मी त्यांना सांगितलं की माझ्या मुलीचं लग्न लागतंय आणि मी ते बघायचं नाही. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. घरात काहीतरी मोठं भांडण झालंय, असं त्यांना वाटलं असणार.

मुलीला मामाने आणलं. तिची नऊवारी, मुंडावळ्या, खाली गेलेली मान एवढं मी दाराच्या फटीतून पाहिलं. अंतरपाट धरला आणि मी दार लावून घेतलं. तांब्या उचलला. गुरुजींनी बटण दाबलं.

आधी सनई आली, मग मी. जाड दारातून शब्द नीट कळत नव्हते पण सूर कळत होता. एकही अडथळा नाही. चौघडा जागच्या जागी, कडवी जागच्या जागी. मी थेंब थेंब पाणी घालत होते आणि मनातल्या मनात पुढची ओळ म्हणत होते. माझ्या कडव्याला माझे डोळे भरून आले, हातातला तांब्या हलला, पाणी टॉवेलवर सांडलं. आतला आवाज मात्र हलला नाही. मला वाटलं, बरं झालं. आत्ता मी तिथे उभी असते तर काही खरं नव्हतं. शेवटचं 'सावधान' झालं, टाळ्या झाल्या, आणि मी दार उघडून आत गेले तेव्हा दोघं एकमेकांना हार घालत होते.

सप्तपदी, जेवणं, फोटो, भाषणं. इतकी माणसं मध्ये होती की मुलीशी माझं चार शब्दांचं बोलणं झालं नाही. संध्याकाळी ती कपडे बदलायला वधूच्या खोलीत गेली तेव्हा मी मागोमाग गेले आणि तिच्या केसातल्या पिना काढायला लागले. मंगलाष्टकं कशी वाटली, हे मला तिने आपणहून सांगायला हवं होतं. ती आरशात बघत होती.

"आई, ते सिंगिंग खूप छान होतं," ती म्हणाली. "कोणाकडून करून घेतलं?"

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेय. म्हटलं, "कोणाकडून म्हणजे? मीच."

"नाही."

"अगं, मीच. तुझ्या कपाटात बसून. बाबांनी केलंय रेकॉर्ड."

ती मागे वळली. माझ्या हातात पीन तशीच राहिली. चेष्टा नव्हती तिच्या चेहऱ्यावर.

"नाही आई. तू असं नाही म्हणत," ती म्हणाली. "आणि इको इतका होता, मला वर्ड्स पण नाही कळले."

मी तिला भराभर सांगायला लागले. हेडफोन, पट्टी, टक टक, तुळस, मुलीच्या आईने बाहेर का थांबायचं असतं, सगळं. कुठून कुठे गेले मलाच कळलं नाही. तिने मधे अडवलं नाही. नऊवारीचा सगळा पसारा सावरत ती पलंगाच्या कडेवर बसली आणि माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"मला वाटलं हे टेप संपेल आणि मग तू स्टार्ट करशील," ती म्हणाली. "तू सगळ्यांच्या वेडिंगमध्ये म्हणतेस. म्हणून मी डोळे बंद करून थांबले होते. ते लास्ट सावधान झालं, तरी मी थांबलेच होते. मग डोक्यावर एकदम खूप तांदूळ पडले. डोळे उघडले, तर समोरचा पडदा गेलेला."